भागायचं की गुणायचं?

संपादकसाहेब, नमस्कार.

मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे, परवा केमिस्ट्रीचं गणित घेऊन बसली होती. यील्ड (हिशोबाने निघायला हवा त्यातला प्रत्यक्ष हाती येणारा माल) ८० टक्के असेल तर १० ग्रॅम ॲस्पिरिन मिळवायला सॅलिसिलिक ॲसिड किती घ्यायचं? क्लासच्या नोट्समध्ये सरळ १० ला ०.८ ने गुणलेलं. मी लोटे एमआयडीसीत पंधरा वर्षं बॅच चार्ज करतोय, म्हणजे मोजून कच्चा माल घालतोय, बघून कपाळाला हात लावला, माल कमी निघणार हे ठाऊक असताना कच्चा माल आणखी कमी घालायचा हा कुठला हिशोब?

मी तोंड उघडायच्या आधी पडवीतनं बायको बोलली. आमचं घरी काजू फोडायचं छोटं काम आहे. ती म्हणाली, मला १० किलो अख्खा गर द्यायचा असला की पाचातला एक भाग तुकडा-पाकळी होणार हे धरूनच चालते, म्हणजे एकूण गर साडेबारा किलो हवा, किलोभर गराला साधारण चार किलो बी, म्हणून ५० किलो बी काढते. तुझ्या नोट्सप्रमाणे ३२ किलो काढली तर अख्खा गर सहा किलो चारशे, मग गिऱ्हाईकाला काय माझं तोंड दाखवू?

आता यात टरफल जातं ते समीकरणातलं, म्हणजे ठरलेल्या प्रमाणातलं, आणि तुकडा होतो तो यील्डमधला, पोरं नेमकी इथंच घोटाळतात. ॲस्पिरिनचंही तसंच, आधी १० भागिले ०.८ म्हणजे १२.५ ग्रॅम, मग एका मोलला (रेणू मोजायचं एकक) एक मोल, म्हणजे वजनात १८० ग्रॅम ॲस्पिरिनला १३८ ग्रॅम या प्रमाणात सॅलिसिलिक ॲसिड ९.५८ ग्रॅम (दुसरा कच्चा माल, ॲसेटिक ॲनहायड्राइड, जास्तीचं घेतलंय असं धरून). उरलेलं जातं कुठे, तर थोडं गाळलेल्या पाण्यात, थोडं फिल्टर पेपरला. काहीजण नुसतं वीस टक्के वाढवतात, म्हणजे ४० किलो बीचे ४८ करतात, तेही चूक, ४८ किलो बीत अख्खा गर नऊ किलो सहाशेच येतो. आणि ८० टक्क्यांच्या तीन स्टेप असल्या तर शेवटी ५१.२ टक्केच उरतात, म्हणजे जवळपास दुप्पट मालाने सुरुवात करावी लागते.

मुलीने क्लासमध्ये विचारलं तर उत्तर आलं, परीक्षेत नोट्सप्रमाणेच लिही. म्हणून हे पत्र. तुमच्या शिक्षणाच्या पानावर असं एखादं गणित ताळ्यासकट छापाल का? साडेबाराचे ८० टक्के काढले की १० येतात, एवढा ताळा पुरे.

एक वाचक, खेड