काकूंच्या नातीला द्यायचं पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, शेजारच्या काकूंच्या नातीनं बी.एस्सी.नंतर काय करावं, ते तू विचारलंस. फोनवर सांगून ते अर्धवट पोचेल, म्हणून लिहिते. वाचून झालं की तिलाच दे. बाबा, तुम्ही तिला ‘बी.एड. करून टाक’ म्हणालात म्हणे. बी.एड. काय, पदवीनंतर कधीही होतं. एस.वाय.चं, म्हणजे पदवीचं दुसरं, हे वर्ष मात्र पुन्हा मिळत नाही.

तिनं बारावीला गणित सोडलंय, खरी अडचण तिथं आहे. आयआयटीत एम.एस्सी. करायचं तर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीपर्यंतचं गणित आणि भौतिकशास्त्रही असतं. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. पहिल्या 30 प्रश्नांत उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापतात. शेवटच्या 20 प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा काढून भरायचा, आणि तिथं चुकलं तरी गुण जात नाहीत. गणित सोडलेली मुलं नेमके हेच प्रश्न कोरे ठेवून येतात. तिनं अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं आणून संभाव्यता, मॅट्रिक्स आणि विकलन एवढं तरी आत्तापासून रोज थोडं थोडं सोडवावं. फॉर्म टी.वाय.च्या सुरुवातीला, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. तेव्हा गणित नव्यानं शिकायला सवड नसते.

काकूंना सांगा, दाखल्याचं काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र जॅमला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, तेही त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या तारखेनंतर काढलेलं. सेतू केंद्रात ‘केंद्र सरकारसाठी’ असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर ते नेहमीचंच हातात ठेवतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं एखाद्या प्रयोगशाळेत काम करावं. तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात. त्याशिवाय पुण्यात आयसर, आघारकर, एनसीसीएस या संशोधन संस्था आहेत, तिथल्या शास्त्रज्ञांना थेट मेल करता येतो. ‘आदरणीय सर, मला संशोधनाची खूप आवड आहे’ असा एकच मेल पन्नास जणांना गेला की पन्नास जण तो न वाचताच पुसतात. मेल दहा ओळींचा हवा. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचारायचा. स्वतःला कोणती कामं हातानं येतात (जेल चालवणं, प्लेट ओतणं, स्लाइड रंगवणं) आणि कोणत्या तारखांना मोकळी आहे तेही लिहायचं. सोबत एक पानी बायोडाटा आणि गुणपत्रक. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करायची, तिसऱ्यांदा नाही.

पदवीचं चौथं वर्ष करायचं की नाही हे आत्ता ठरवायला नको. पण संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, त्यामुळे एटीकेटी राहू देऊ नये.

आणि नोकरीच हवी असेल तर तीही लांब नाही. आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या औषध कंपन्या, दिंडोरीच्या वायनरी, द्राक्षातल्या कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या लॅब. वायनरी आणि औषध कंपनीत सूक्ष्मजीवशास्त्र कामाला येतं. अंश तपासायला रसायनशास्त्र पक्कं लागतं. मुलाखतीत विचारतात साधंच. ऑटोक्लेव्हचं (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) 121 अंश, 15 पौंड दाब, 15 मिनिटं सगळ्यांना पाठ असतं. पण आत हवा अडकली तर काटा 15 पौंड दाखवतो आणि तापमान 121 गाठत नाही, ते का, हे विचारलं की बरेच गप्प होतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत नुसती कृती उतरवली की असं होतं. प्रत्येक पायरीपुढं ‘का’ लिहायला सांगा तिला.

मेल लिहून झाला की पाठवण्याआधी मला दाखवू दे. शुद्धलेखन बाबांनी बघितलं तरी चालेल, इंग्रजी त्यांचं माझ्यापेक्षा बरं आहे.

तुमची लेक