एक्सचेंज म्हणजे शेअर मार्केट नव्हे, धान्याचा बाजार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला कॅनडातल्या विनिपेग शहरावरचा लेख मी वाचायच्या आधीच लातूरहून भावाने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि खाली लिहिलं, "ताई, अण्णा तर सांगायचे तिथं गव्हाचे सौदे व्हायचे, मग ह्यांनी शेअर मार्केट का छापलंय?" तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या लेखकाने विनिपेगमधल्या एक्सचेंज डिस्ट्रिक्ट या जुन्या भागाला सरळ "जुन्या शेअर बाजाराचा परिसर" करून टाकलंय. अहो, ते एक्सचेंज म्हणजे ग्रेन एक्सचेंज! गहू, ओट्स, बार्ली, जवस. १८८७ साली तिथल्या व्यापाऱ्यांनी ते सुरू केलं, १९०४ पासून गव्हाचे वायद्याचे (पुढे द्यायच्या मालाचा भाव आधीच ठरवून ठेवायचे) सौदे सुरू झाले आणि लोम्बार्ड अव्हेन्यूवरची मोठी इमारत १९०८ ला उभी राहिली. आजूबाजूच्या बँका, गोदामं, इन्शुरन्स कंपन्यांच्या कचेऱ्या, सगळं त्या गव्हाच्या पैशावर उभं राहिलंय. १९०१ ला बेचाळीस हजार वस्तीचं गाव १९११ ला एक लाख छत्तीस हजारांवर गेलं ते कशामुळे? गहूच काढून घेतला तर त्या शहराचं काहीच समजत नाही.

आता हे मला एवढं का लागलं ते सांगते. अण्णा म्हणजे आमचे वडील, लातूरच्या मार्केट यार्डात अडते होते, चाळीस वर्षं. २००९ च्या ऑगस्टमध्ये ते माझ्याकडे इथे विनिपेगला आले. नातवाने मॉल दाखवले, नदी दाखवली, पण ते आपले गप्पच. मग एका शनिवारी मी त्यांना लोम्बार्डला घेऊन गेले आणि ग्रेन एक्सचेंजच्या इमारतीसमोर उभं करून म्हटलं, अण्णा, हा यांचा आडत बाजार. ते बराच वेळ वर बघत राहिले आणि मग पहिला प्रश्न काय, "माल कुठं उतरतो?"

मी म्हटलं माल इथे यायचाच नाही. गव्हाच्या वॅगन गावाबाहेर रेल्वे यार्डात थांबायच्या, तिथे तपासनीस वॅगनमध्ये लांब पोकळ नळी खुपसून नमुना काढायचा, नमुन्यावरून प्रत ठरायची, नंबर वन नॉर्दर्न, नंबर टू नॉर्दर्न अशी, आणि वॅगन तशीच पुढे सातशे किलोमीटरवर आताच्या थंडर बेला, मोठ्या तळ्याकाठच्या कोठारांत. इथे वरच्या मजल्यावर फक्त प्रतीचं नाव घेऊन सौदा. तर अण्णांनी लगेच उजव्या हाताने हवेतच पोत्यात सळई खुपसल्यासारखं करून, मनगट फिरवून, तळहातावर दाणे ओतून दाखवले. आमच्या दुकानात ती सळई दाराच्या मागे टांगलेली असायची, मी लहानपणी तिने मार खाल्लाय. त्यांच्या उमेदीच्या काळात तर भावसुद्धा रुमालाखाली बोटं दाबून ठरायचे, त्यामुळे न बघता सौदा कसा होतो हे त्यांना मी शिकवायची गरजच नव्हती. त्या दिवशी अण्णा जेवढं बोलले तेवढं अख्ख्या ट्रिपमध्ये बोलले नाहीत.

पुढचा प्रश्न, "आडत किती?" म्हणजे सौद्यामागचं कमिशन. मला माहीत नव्हतं. लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं, बुशेलला (हे इथलं धान्याचं माप) एक सेंट. आणि त्यातच पार्ट्रिज नावाच्या शेतकऱ्याची हकीकत सापडली. शेजारच्या सस्कॅचवान प्रांतातल्या सिंटालूटा गावचा हा माणूस १९०५ च्या जानेवारीत इथे बाजार बघायला आला, त्याला कोणी नीट वागवलं नाही, तो चिडून परत गेला आणि १९०६ ला शेतकऱ्यांचीच धान्य कंपनी काढून त्याच एक्सचेंजमध्ये त्यांनी सौदे करायची जागा, म्हणजे सदस्यत्व, विकत घेतलं. कंपनीने म्हटलं की आम्ही नफा सभासद शेतकऱ्यांत वाटू, तर एक्सचेंजवाले म्हणाले म्हणजे तुम्ही आडत फोडताय, ठरलेल्या आडतीतला वाटा परत देताय, आणि काढलं बाहेर! शेवटी इथल्या मॅनिटोबा प्रांताच्या सरकारने दम दिला तेव्हा १९०७ ला परत घेतलं. हे मी अण्णांना वाचून दाखवलं. स्वतः जन्मभर अडते, पण म्हणाले, "शेतकऱ्याचं बरोबर होतं." ते २०१६ ला गेले, पण हे वाक्य भाऊ अजून दुकानात येणाऱ्या जाणाऱ्यांना सांगतो. आता त्याच लोकांसमोर तुमचा पेपर पडलाय, शेअर मार्केट लिहिलेला.

दुसरं म्हणजे "आखीव रस्त्यांचं, इतिहास नसलेलं नवं शहर" हे वाक्य. कुठून आणलं? दोन नद्या मिळतात त्या फोर्क्सच्या जागी माणसं सहा हजार वर्षांपासून जमतायत. पोर्टेज आणि मेन हे दोन मुख्य रस्ते कोणी पट्टी ठेवून आखलेले नाहीत, त्या मेटी लोकांच्या, म्हणजे इथले मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशजांच्या, गाड्यांच्या वाटा आहेत. अख्ख्या लाकडाच्या गाड्या, लोखंडाचा खिळा नाही, कातड्याच्या वाद्यांनी बांधलेल्या, आसाला वंगण नाही कारण वंगणात धूळ बसून आसच झिजायचा, त्यामुळे करकर लांबून ऐकू यायची. एक वाट नदीच्या कडेकडेने, दुसरी पश्चिमेला पार एडमंटनपर्यंत. आणि हे रस्ते १३२ फूट रुंद का? तर इथली माती काळी, चिकण, पावसात चाक रुतलं की रुतलं, म्हणून गाडीवाले आधीच्या चाकोरीत न जाता शेजारून हाकायचे आणि वाट रुंद रुंद होत गेली. अण्णांनी एका खोदकामाच्या कडेचं ढेकूळ उचललं, पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी टाकलं, दोन बोटांत मळून त्याची गोळी केली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, आपल्याकडचीच आहे. ही हिमयुगातल्या प्रचंड तळ्याच्या गाळाची आणि आपली दगड झिजून झालेली, ते सगळं खरं, पण बैलाला दोन्ही सारख्याच.

तुमच्या लेखात हेही आहे की पोर्टेज आणि मेनचा चौक पायी ओलांडता येत नाही, भुयारातूनच जावं लागतं. १९७९ पासून तसंच होतं, २०१८ च्या मतदानात लोकांनी "बंदच ठेवा" असंच सांगितलं होतं, पण २७ जून २०२५ ला तो उघडला! मी स्वतः चालत ओलांडलाय, गुडघे दुखतात म्हणून जिने चढउतार नको वाटतात, माझ्यासारखीला तो किती उपयोगाचा आहे ते मलाच माहीत. निदान एवढं तरी बघायला हवं होतं.

आणि तो फोटो. मेन स्ट्रीटवरची तिरकी झालेली ट्राम, खाली ओळ "ट्राम अपघाताचं स्मारक". तो अपघात नाही हो. १९१९ चा सार्वत्रिक संप आहे तो, सुमारे तीस हजार कामगार सहा आठवडे बाहेर होते, २१ जूनला जमावाने ट्राम उलटवायचा प्रयत्न केला, घोडेस्वार पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन माणसं मेली. ज्या महाराष्ट्राने गिरणी संप पाहिला तिथल्या पेपरात संपाला अपघात म्हणावं, हे वाचून फार वाईट वाटलं.

इथेही सगळं जपलंय असं मी म्हणत नाही. १८८६ चा टाऊन हॉल १९६२ ला पाडला. ईटन्सचं १९०५ चं लाल विटांचं दुकान आम्ही इथे आलो त्या हिवाळ्यात, २००२-०३ ला पाडत होते, मी बसमधून रोज बघायचे आणि मला तेव्हा ते काय होतं हेही माहीत नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं. त्यातला ईटन साहेबांचा पुतळा तेवढा नव्या स्टेडियममध्ये ठेवलाय, लोक जाता येता त्याच्या डाव्या बुटाचं टोक चोळतात, बाकी पुतळा काळपट आणि तेवढं टोक पिवळंधमक. एक्सचेंज डिस्ट्रिक्टमधली गोदामं वाचली ती पनामा कालव्याने व्यापार दुसरीकडे वळला आणि महायुद्ध आलं, त्यामुळे १९१४ नंतर गावाचा पैसाच आटला म्हणून, पाडून नवं बांधायला कोणी नव्हतं. १९९७ ला तो भाग राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाला.

माझी विनंती एवढीच की दुरुस्ती छापा, आणि आतल्या पानावर दोन ओळींत नको, त्याच पुरवणीत, "धान्याचा बाजार" हे शब्द घालून. कुठल्या रविवारी येणार तेवढं आधी कळवलंत तर भावाला सांगेन, तो त्या दिवशी दोन अंक जास्तीचे घेऊन ठेवेल.

आपली,
एक वाचक, विनिपेग (मूळ लातूर)