घड्याळ-चिप निवडताना आधी पेटीची जागा पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेची घंटा आपोआप वाजवणारी पेटी, नदीकाठच्या पंपाचा टायमर, पोल्ट्रीतल्या दिव्यांचा टायमर ही साधने आता कोल्हापुरातच बनतात. पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकीची मुले अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ती करतात, उद्यमनगरातले छोटे कारखानदार ऑर्डरप्रमाणे करून देतात. काम नेटके असते. पण चार-सहा महिन्यांनी तक्रार येते की घंटा तीन मिनिटे उशिरा वाजते, किंवा लाईट जाऊन आली की पंप भलत्याच वेळी सुरू होतो. मग रिले बदलला जातो, प्रोग्राम पुन्हा भरला जातो. खरे दुखणे बहुतेक वेळा वेळ राखणाऱ्या चिपच्या, म्हणजे रिअल टाइम क्लॉकच्या निवडीत आणि जोडणीत असते. चिप निवडताना किंमत आणि इंटरनेटवर सापडलेला तयार प्रोग्राम या दोनच गोष्टी पाहिल्या जातात. पेटी कुठे बसणार आणि महिन्याला किती सेकंदांची चूक चालणार, हे कोणी विचारत नाही. निवड खरे तर यावरूनच व्हायला हवी.

जिथे कायम वायफाय आहे, तिथे ही चिप लागतही नाही. ईएसपी३२ सारखा कंट्रोलर (पेटीचा प्रोग्राम चालवणारी वायफायवाली चिप) नेटवरून वेळ घेऊ शकतो. भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हरही त्यासाठी उपलब्ध आहे. पण पंचगंगेच्या काठावरच्या मोटरघरात वायफाय नसते, आणि शाळेतला राउटर लाईट आल्यावर लगेच जोडला जाईलच असे नाही. तिथे बटण सेलवर चालत राहणारी स्वतंत्र चिपच हवी.

आता चुकीचा हिशेब. घड्याळाची चूक पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती, अशी मोजतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यामुळे १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६ सेकंद आणि वर्षाला साडेएकतीस सेकंद. चिपला ठोका देतो तो क्रिस्टल नावाचा बारीक भाग. बाजारात सहज मिळणारे ३२.७६८ किलोहर्ट्झचे क्रिस्टल उणेअधिक २० पीपीएमचे असते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे ५२ सेकंद. आणि हा आकडा २५ अंश सेल्सिअसपुरताच खरा.

या क्रिस्टलच्या आत नादकाट्याच्या आकाराचा क्वार्ट्झचा तुकडा असतो. तापमान २५ अंशांपासून जितके दूर जाईल, त्या फरकाच्या वर्गाला सुमारे ०.०३४ ने गुणावे. तितके पीपीएम तो मागे पडतो. मोटरघराच्या भिंतीवर, उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत ५५ अंश झाले तर फरक ३० चा, वर्ग ९००, म्हणजे जवळजवळ ३१ पीपीएम. तितकेच तापमान टिकले तर दिवसाला २.६ सेकंदांची तूट. हिवाळ्याच्या रात्री १५ अंशांना साडेतीन पीपीएमच्या आसपास, पण तीसुद्धा तूटच. ऊन असो की थंडी, हे क्रिस्टल मागेच पडते. उन्हाळ्यात गेलेले सेकंद हिवाळ्यात परत मिळत नाहीत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीशेजारच्या पॅनेलमध्ये तर बारा महिने उन्हाळाच.

आपल्याकडे सर्वात जास्त खपते ती डीएस१३०७. स्वस्त आहे, आठ पायांची आहे, पंख्याखालच्या खोलीत आणि महिन्यातून एकदा वेळ लावण्याची तयारी असेल तर वाईट नाही. पण ती ५ व्होल्टचीच चिप आहे, ४.५ ते ५.५ मध्ये चालणारी. अनेक जण ती ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ ला जोडतात आणि उत्तर येत नाही म्हणून चिप टाकून देतात. कारण साधे आहे. पुरवठा बटण सेलच्या व्होल्टेजच्या सव्वापटीखाली गेला की ही चिप लाईट गेली असे समजून बाहेरचा संवाद बंद करते. सेल ३ व्होल्टचा, सव्वापट म्हणजे ३.७५. तिथे ३.३ दिल्यावर ती गप्प बसणारच.

तिचे क्रिस्टल १२.५ पिकोफॅराड लोडचेच हवे (लोड म्हणजे ज्या कपॅसिटन्सवर क्रिस्टल अचूक चालते तो आकडा), आणि बाहेरून वेगळे कपॅसिटर लावायचे नाहीत. ६ पिकोफॅराडचे क्रिस्टल बसवले तर घड्याळ कायम मागे पडते. दिसायला दोन्ही क्रिस्टल सारखीच, तीच बारीक चंदेरी नळी. त्यामुळे पाकिटावरचा आकडा पाहूनच घ्यावे. क्रिस्टलचे ट्रॅक आखूड ठेवावेत, त्याखालून दुसरा सिग्नल नेऊ नये, भोवती ग्राउंडचे कडे द्यावे. सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढावा. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत उरलेला फ्लक्स ओल धरतो, क्रिस्टलच्या पायांमध्ये गळती होते आणि घड्याळ कधी चुकते, कधी थांबते. जूनपर्यंत बरी चाललेली पेटी जुलैत बिघडली, तर आधी इथेच पाहावे.

पंपाच्या, भट्टीजवळच्या किंवा वर्षानुवर्षे हात लावायचा नाही अशा पेटीसाठी आमची निवड डीएस३२३१. क्रिस्टल चिपच्या आतच असते. दर ६४ सेकंदांनी ती तापमान मोजते आणि त्याप्रमाणे क्रिस्टलचा लोड स्वतः जुळवते. ० ते ४० अंशांत उणेअधिक २ पीपीएम, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट. उणे ४० ते ८५ अंशांच्या पूर्ण टप्प्यात साडेतीन पीपीएम. चालते २.३ ते ५.५ व्होल्टवर, त्यामुळे ३.३ चा प्रश्नच मिटतो. नावामागे एम लावलेली तिची बहीण ५ पीपीएमची आहे. शाळेच्या घंटेला तीही पुरते, फक्त कोणती घेतली ते माहीत असावे.

मात्र ही चिप बहुतेक जण झेडएस-०४२ नावाच्या तयार निळ्या मोड्यूलवर विकत घेतात, आणि त्या मोड्यूलमध्ये एक धोका आहे. त्यावर सेल चार्ज करणारी जोडणी असते: पुरवठ्यापासून एक डायोड आणि २०१ असे छापलेला, म्हणजे २०० ओहमचा, रेझिस्टर थेट सेलपर्यंत. ती चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी आहे. दुकानदार देतो साधा सीआर२०३२, जो चार्ज करायचाच नसतो. मोड्यूलला ५ व्होल्ट दिले की डायोडवर थोडे जाऊन सेलवर सुमारे ४.४ व्होल्टचा दाब सतत राहतो. सेल फुगतो, गळतो, पत्रे गंजतात. एलआयआर घातला तरी त्याची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे तोही सुरक्षित नाही. उपाय पाच मिनिटांचा आहे: तो २०१ चा रेझिस्टर तापवून काढून टाकावा आणि सीआर२०३२ वापरावा. रेझिस्टर काढणे जमत नसेल तर मोड्यूलला ३.३ व्होल्टच द्यावे. डायोडनंतर २.७ च उरतात आणि ३ व्होल्टच्या सेलमध्ये विद्युतप्रवाह शिरत नाही. शाळेत मुलांच्या डोक्यावर टांगलेल्या पेटीत हे केल्याशिवाय मोड्यूल बसवू नये.

सेलच्या आयुष्याची काळजी नको. सीआर२०३२ ची क्षमता सुमारे २२० मिलीअँपिअर-तास. डीएस३२३१ सेलवर जास्तीत जास्त ३ मायक्रोअँपिअर घेते, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. सेल लावायचाच नसेल तर त्याची पिन हवेत सोडू नये, ग्राउंडला जोडावी. सेल बसवताना कडा फडक्याने धरावी. बोटांचा घाम दोन टोकांमध्ये राहिला तर पावसाळ्यात गळती वाढते.

दोन पर्याय आणखी. मायक्रोचिपची एमसीपी७९४०एन लाईट कधी गेली आणि कधी आली याची महिना, तारीख, तास, मिनिट अशी नोंद स्वतः ठेवते. शेतीपंपाला पाळीने कधी दिवसा, कधी रात्री थ्री-फेज वीज मिळते. तिथे ही नोंद फार कामाची. नोंद वाचून झाल्यावर वीज गेल्याची खूण पुसावी लागते, नाहीतर पुढची नोंद होत नाही. तिला ६ ते ९ पिकोफॅराडचे क्रिस्टल लागते. तिचा ऑसिलेटर (क्रिस्टल चालवणारे सर्किट) आणि सेलवर जाण्याची सोय या दोन्ही गोष्टी प्रोग्राममधून चालू कराव्या लागतात. एनएक्सपीच्या पीसीएफ८५२३ चेही तसेच आहे. ती कमी वीज खाते, पण सेलवर जाण्याची सोय सुरुवातीला बंद असते. सेल नवा, चिप चांगली, तरीही लाईट गेली की वेळ जाते, ते यामुळे.

प्रोग्राममधल्या चुका तर ठरलेल्याच आहेत. सर्वात नडणारी म्हणजे वेळ लावणारी ओळ सुरुवातीच्या भागात तशीच राहू देणे. उदाहरणाच्या प्रोग्राममध्ये ती असते आणि संगणकावर प्रोग्राम कंपाइल झाला ती वेळ घड्याळात भरते. ती राहिली तर प्रत्येक वेळी लाईट आल्यावर घड्याळ त्याच जुन्या वेळेवर जाते, आणि दोष मात्र सेलला मिळतो. योग्य पद्धत अशी: डीएस३२३१ मध्ये हेक्स (सोळा-आधारी आकड्यांत) ०एफ या रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या नोंदीच्या खान्याचा, सर्वात वरचा बिट ऑसिलेटर मध्ये थांबला होता का ते सांगतो. तो १ असेल तरच वेळ नव्याने लावावी आणि मग तो बिट ० करावा. डीएस१३०७ मध्ये सेकंदाच्या रजिस्टरचा वरचा बिट १ असेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. नवी चिप बंद वाटते ती याच कारणाने.

तास, मिनिट, सेकंद एकाच वाचनात घ्यावेत. वेगवेगळे वाचले तर ९ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंदांना मिनिट ५९ मिळते, तेवढ्यात तास १० होतो आणि कंट्रोलरला १०:५९ दिसते. आकडे बीसीडी पद्धतीत, म्हणजे दशकाचा आणि एककाचा अंक वेगळा साठवून, असतात, ते बदलून घ्यायला विसरू नये. कंट्रोलर ज्या क्रमांकाने चिपला हाक मारतो तो तिचा पत्ता. दोन्ही डीएस चिपचा पत्ता हेक्समध्ये ६८, आणि एमपीयू६०५० या सेन्सरचाही तोच. एकाच तारेवर दोन्ही असतील तर सेन्सरची एडी० पिन पुरवठ्याच्या व्होल्टेजला जोडून त्याचा पत्ता ६९ करावा. पंपाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा विजेचा स्विच) सुटताना कंट्रोलर रिसेट झाला, तर चिप अर्धवट वाचनात अडकून डेटाची तार शून्य व्होल्टला धरून ठेवते. सुरुवातीलाच क्लॉकच्या तारेवर नऊ पल्स देण्याची सोय प्रोग्राममध्ये असावी, आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम व ०.१ मायक्रोफॅराडचा स्नबर, म्हणजे ठिणगीचा झटका शोषणारी जोडी, लावावा.

बाजारात नक्कल आणि नाव बदललेल्या चिप आहेत. अधिकृत वितरकाकडची सुटी डीएस३२३१ अख्ख्या तयार मोड्यूलपेक्षा महाग पडते, यावरूनच अंदाज यावा. तपासणी घरी होते: नेटवरून वेळ घेणाऱ्या संगणकाशी सेकंद जुळवून घड्याळ १४ दिवस ठेवावे. खोलीच्या तापमानात अस्सल चिपचा फरक अडीच सेकंदांच्या आत राहतो, एम जातीचा सहाच्या आत. दहा सेकंद गेले तर ते मोड्यूल परत करावे. फरक थोडा असेल तर हेक्स १० या रजिस्टरमधून सुधारता येतो. २५ अंशांना एक पायरी सुमारे ०.१ पीपीएमची. १४ दिवसांत घड्याळ २ सेकंद पुढे गेले तर तो १.६५ पीपीएम, तिथे १७ (साधा दशमान आकडा) लिहावे, घड्याळ तेवढे हळू होते.

प्रकल्प तपासणाऱ्या परीक्षकांना विनंती, की पडद्यावर वेळ दिसते एवढ्यावर गुण देऊ नयेत. पुरवठा काढून दहा मिनिटांनी परत लावायला सांगावे आणि १४ दिवसांच्या चाचणीचा तक्ता मागावा. आणि शहरातल्या दुकानदारांना विनंती, की क्रिस्टलची १२.५ आणि ६ पिकोफॅराडची पाकिटे वेगळी ठेवावीत, आणि निळे मोड्यूल विकताना सोबतचा सेल चार्ज होणारा आहे की साधा, हे ग्राहकाला सांगावे.

आपला,
एक तंत्रशिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर