प्रॉस्परो वर आहे, कागदांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अवकाशातील कचऱ्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बंद पडलेल्या उपग्रहांचा धोका लेखकाने नीट समजावून सांगितला आहे. पण त्यात ब्रिटनच्या ‘प्रॉस्परो’ या उपग्रहाचे नाव ‘१९७१ पासून निरुपयोगी’ एवढ्याच ओळखीवर येऊन गेले, ते मला लागले. १९७१ हे तो वर गेला ते वर्ष. त्यानंतर पंचवीस वर्षे तो हाकेला ओ देत होता.

२८ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा येथून ब्रिटनच्याच ‘ब्लॅक ॲरो’ रॉकेटने प्रॉस्परोला कक्षेत नेले. त्याच्या तीन महिने आधी, जुलैच्या अखेरीस, हा रॉकेटचा कार्यक्रम बंद करत असल्याचे ब्रिटिश मंत्र्यांनी संसदेत सांगून टाकले होते. अमेरिकेचे तयार ‘स्काउट’ रॉकेट घेणे स्वस्त पडते, हे कारण. शेवटचे रॉकेट तयारच होते, म्हणून तेवढे उडवायची मुभा मिळाली. आपला विभाग बंद होणार हे ठाऊक असताना त्या माणसांनी हजारो मैल दूर वाळवंटात जाऊन एकेक जोडणी तपासली असेल. आदल्या वर्षी सप्टेंबरात दुसऱ्या टप्प्यातल्या गळतीमुळे त्यांचा एक उपग्रह हातचा गेला होता. या वेळी काही चुकले नाही. स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा ब्रिटन सहावा देश ठरला, आणि तिथेच थांबला. प्रॉस्परो हे नावही शेक्सपिअरच्या नाटकातल्या, आपली विद्या शेवटी सोडून देणाऱ्या जादूगाराचे.

त्या रॉकेटबद्दल थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. औषधाच्या दुकानात जखमेवर लावायला मिळते तेच हायड्रोजन पेरॉक्साइड, पण अतिशय तीव्र, चांदीच्या जाळीवरून सोडायचे. जाळीला लागताच त्याची तापलेली वाफ आणि ऑक्सिजन होतो. त्यात रॉकेल सोडले की ते आपोआप पेट घेते, ठिणगी लागत नाही. ज्वाळा इतकी स्वच्छ की जेमतेम दिसते. आइल ऑफ वाइट बेटाच्या पश्चिम टोकाला, समुद्रावरच्या कड्यावर या इंजिनांच्या चाचण्या होत. इतकी साधी आणि सुरेख रचना मी तरी फार थोड्या यंत्रांत पाहिली आहे.

उपग्रह ६६ किलोचा, चपट्या भोपळ्यासारखा. सौर घट आणि इतर भाग अवकाशात किती टिकतात हे पाहायचे, आणि बर्मिंगहॅम विद्यापीठाने दिलेल्या उपकरणाने सूक्ष्म उल्काकण मोजायचे, हे त्याचे काम. सुटा झाल्यावर मागचा रॉकेटचा टप्पा पुढे सरकत येऊन त्याच्यावर आदळला आणि एक अँटेना गेली. तरी तो चालला. १९७३ मध्ये त्याचा टेपरेकॉर्डर बंद पडला. पुढे १९९६ पर्यंत वर्षातून एकदा त्याला संदेश पाठवून जागे करीत असत.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. २०११ च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अवकाश प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधकांनी त्याला पुन्हा हाक मारायचे ठरवले, तेव्हा हाक कशी मारायची हेच कोणाला माहीत नव्हते. ज्या संकेतांनी तो जागा होतो ते हरवले होते. संबंधित अहवालांचे ग्रंथालयच नष्ट झालेले. बऱ्याच शोधानंतर लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात एका टंकलिखित कागदावर ते संकेत सापडले. उपग्रह इतकी वर्षे डोक्यावरून फिरतो आहे, आणि त्याच्याशी बोलायची किल्ली एका कागदावर!

हे वाचले तेव्हा माझ्या पोटात कालवले. मी अडतीस वर्षे पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली. नव्या इमारतीत जाताना जुन्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या ‘जागा अडवतात’ म्हणून रद्दीत घातल्या. रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला लटकलेली गुंडाळी मला अजून दिसते. कडेला आमच्या साहेबांची सही, शाईने, तिरकी. मी बोललो, पण जोर लावून बोललो नाही. दोन वर्षांनी एका जुन्या प्रेसच्या गिअरचे दात गेले. झिजलेला गिअर व्हर्नियरने मोजून अंदाजाने नवा कापला, तो बसला नाही. दुसराही बसला नाही. तिसरा बसला तोवर प्रेस अकरा दिवस उभा होता. ड्रॉइंग असते तर दोन दिवसांचे काम.

ब्रिटननंतर स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा सातवा देश आपला. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने ‘रोहिणी’ला कक्षेत नेले, तेव्हा थुंबाच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते डॉ. वसंत गोवारीकर. त्यांनी डॉक्टरेट केली ती त्याच बर्मिंगहॅम विद्यापीठात. त्याआधी १९७५ चा ‘आर्यभट्ट’ बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या शेडमध्ये उभा राहिला. त्या पिढीतले तरुण आज ऐंशीच्या घरात आहेत किंवा गेले आहेत. त्यांतले काही मराठी आहेत, निवृत्तीनंतर पुण्या-नाशिकात येऊन राहिलेले. संस्थेचे अधिकृत कागद संस्थेत असतीलच. मला काळजी आहे ती घरातल्या वह्यांची. कोणता व्हॉल्व्ह का बदलला, कोणती चाचणी का फसली, हे अहवालात एका ओळीत येते. वहीत ते पानभर असते, खोडाखोडीसकट. घर आवरताना अशा वह्या आधी जातात, कारण मुलांना त्यातले काही कळत नाही. त्यात त्यांचा दोष नाही.

प्रॉस्परो २०७० च्या सुमारास वातावरणात शिरून जळेल असा अंदाज आहे. त्याला त्याआधी कक्षेतून काढावे असा विचार स्कायरोरा या स्कॉटलंडमधल्या कंपनीने मांडला होता. याच कंपनीने ‘ब्लॅक ॲरो’ रॉकेटचा वाळवंटात पडून राहिलेला पहिला टप्पा २०१९ मध्ये मायदेशी आणला. प्रॉस्परो अखंड उतरवून संग्रहालयात ठेवता आला तर जरूर उतरवावा. नुसता जाळायचा असेल तर माझ्या मते त्याला त्याची वर्षे पुरी करू द्यावीत.

आपल्याला विनंती अशी. अवकाश, संरक्षण किंवा जुन्या कारखानदारीत काम केलेल्या वाचकांच्या घरी अशा वह्या, ट्रेसिंग, चाचण्यांच्या नोंदी असतील तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी कळवाव्यात, असे एक निवेदन आपण छापावे. गोपनीय कागद असतील तर ते मूळ संस्थेकडेच परत जावेत. बाकीच्यांसाठी एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय दोन कपाटे नक्की देईल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाच्याही घरी जाऊन कागद लावून, विषयवार यादी करून द्यायला मी तयार आहे. मोबदला नको. माझा दूरध्वनी क्रमांक पत्रासोबत वेगळ्या चिठ्ठीवर दिला आहे. विचारणा करणाऱ्यांना तो द्यावा.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
चिंचवड