मारिया लुगोनेस आणि आपल्या किनाऱ्यावरच्या बायका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत कोकणातल्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या कष्टांचे कौतुक अधूनमधून होते आणि ते मनापासून असते, यात शंका नाही. मात्र त्यांचे स्वतःचे म्हणणे त्यात क्वचितच येते. म्हणूनच मारिया लुगोनेस (1944–2020) यांची ओळख मराठी वाचकांना व्हावी, असे मला फार वाटते.

अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि अमेरिकेत अध्यापन केलेल्या या तत्त्वज्ञ बाईंनी 1987च्या निबंधात आपल्या आईविषयी लिहिले आहे. आईला राबवून घेणे आणि तिच्यावर प्रेम करणे यांत विसंगती नाही, असेच त्यांना लहानपणापासून शिकवले गेले होते. तिच्या जगात शिरून, तिथून स्वतःकडेही पाहिल्यावरच आपल्याला तिच्यावर खरे प्रेम करता आले, असे त्या सांगतात. पुढे 2007 मध्ये त्यांनी दाखवून दिले, की युरोपीय सत्तांनी गोऱ्या घरंदाज स्त्रीला नाजूक ठरवले आणि जिंकलेल्या व गुलाम केलेल्या बायकांना मात्र राबणाऱ्या जनावरांच्या पंक्तीला बसवले.

हा सिद्धान्त जसाच्या तसा कोकणाला लावणे मला मान्य नाही. ज्या महाडला 1927 मध्ये पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथली उतरंड काही इंग्रजांनी आणलेली नव्हती. परंतु राबणारे हात तेवढे पाहायचे आणि त्यामागची बुद्धी पाहायची नाही, ही सवय आपल्यातही आहे. हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव चालू असताना बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून, हा माल ताजा खपेल की मिठात घालावा लागेल, हे क्षणात ठरवणाऱ्या बाईला मासळीची, हवेची आणि बाजाराची जाण असते. आपण तिला कष्टाळू म्हणतो आणि मोकळे होतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ एलिझाबेथ स्पेलमन यांच्यासोबत 1983 मध्ये लिहिलेल्या लेखात लुगोनेस यांनी बजावले होते, की दुसऱ्या समाजातल्या स्त्रियांविषयी सिद्धान्त मांडायचा तर तो त्यांच्यासोबत बसून मांडावा, आणि तोही कर्तव्य म्हणून नव्हे, मैत्रीपोटी. तेव्हा विनंती अशी, की पुढच्या लेखमालेत बर्फाचे दर, उधारी, बंदरावरची गैरसोय याविषयी या बायकांनाच बोलू द्यावे, मजकूर छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा आणि त्यांचा आक्षेप असल्यास तोही त्याच पानावर छापावा.

आपली नम्र,
एक वाचक, दापोली