हालोलचा रस्ता आणि तोंडावरचं ऊन

दांडिया बाजार, बडोदे
कोजागिरी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर हालोलला रुजू होणार आणि रोज घरूनच मोटरसायकलने जाणार, हे तू फोनवर सांगितल्यापासून आईने कंपनीच्या बसचा धोशा लावला आहे. तिच्याशी तुझ्या वतीने भांडून झालं. ट्रक, खड्डे, ओव्हरटेक यांबद्दल मी तुला काही शिकवणार नाही. पुण्यात गाडी चालवणाऱ्या मुलीला बडोद्याच्या बापाने काय शिकवायचं? पण हालोलच्या रस्त्याचा एक त्रास पुण्यात तुझ्या वाट्याला आला नसणार. तो म्हणजे समोरून डोळ्यांवर येणारं ऊन. त्या रस्त्यावर माझी नोकरीची बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो. फोनवर सांगितलं असतं तर तिसऱ्या वाक्याला तू ‘हो बाबा, कळलं’ म्हणाली असतीस.

नकाशा काढून बघ. गोल्डन चोकडी हा शहराबाहेरचा चौक सोडला की रस्ता जरोदवरून जवळजवळ सरळ ईशान्येला जातो, म्हणजे येताना तोंड नैऋत्येला. सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो हे शाळेत ठीक आहे. आपल्याकडे तो जूनमध्ये पूर्वेच्या साधारण २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरमध्ये पश्चिमेच्या तितकाच दक्षिणेला मावळतो. परिणाम असा की मे-जूनच्या सकाळी जाताना तो जवळपास समोर, आणि नोव्हेंबर ते जानेवारी संध्याकाळी येताना पुन्हा समोर. रस्ता आखणाऱ्याने मुद्दाम ठरवलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. ईशान्य दिशा शुभ म्हणणाऱ्या वास्तुवाल्यांनी मे महिन्यात सकाळी सातला जरोदच्या पुढे स्कूटर चालवून दाखवावी.

सकाळचा त्रास त्यातल्या त्यात सुसह्य. सूर्य वर चढत असतो, दर मिनिटाला त्रास कमीच होतो, आणि जूनच्या मध्यानंतर ढग मदतीला येतात. संध्याकाळचं उलटं आहे. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तू साडेपाचला गेटबाहेर पडशील तेव्हा तो क्षितिजाच्या वर जेमतेम ५-६ अंश असेल आणि पुढचा अर्धा तास तो तुझ्या नजरेच्या रेषेत उतरत जाईल. त्यात तू दिवसभराची दमलेली, घरी पोचायची घाई, आणि चौपदरी रस्ता असला तरी दुभाजकाच्या प्रत्येक कटमधून कोण घुसेल सांगता येत नाही. छकडे, ट्रॅक्टर, राँग साइडने येणारी दूधवाल्याची मोटरसायकल. ऊन तोंडावर असताना यातलं काहीही नीट दिसत नाही. दिसते ती नुसती काळी आकृती, तीही अगदी जवळ आल्यावर.

आता उपाय. तुझ्या मनात पहिल्यांदा येईल ती हेल्मेटची काळी काच. ती घेऊ नकोस. सांगतो का. काळी काच सूर्य आणि रस्ता दोन्ही सारख्याच प्रमाणात अंधारे करते. डोळ्याला बरं वाटतं, पण सूर्याच्या शेजारची मोटरसायकल काही जास्त उठून दिसत नाही. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: साडेपाचला निघालेली तू चोकडीला पोचतेस तेव्हा दिवे लागलेले असतात. ज्या काचेने हालोलला आराम दिला तीच काच घालून तू अंधारात बडोद्यात शिरणार, किंवा काच वर करून धूळ आणि चिलटं डोळ्यांत घेणार. युरोपच्या नियमात ८० टक्क्यांपेक्षा कमी उजेड आत सोडणाऱ्या काचेवर ‘फक्त दिवसा’ अशी खूण करावी लागते, ती उगीच नाही. काळोख हवाच असेल तर ज्या हेल्मेटमध्ये आतून खाली ओढायचा छोटा काळा पडदा असतो, ते घे. खटका दाबला की खाली, गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, शिरताना वर. अलकापुरीच्या गरनाळ्यात भर उन्हातून आत शिरताना क्षणभर काही दिसत नाही, हे तुला आठवत असेल; तिथे काळी काच म्हणजे संकटच. घेताना आयएसआयची खूण बघ, १ जून २०२१ पासून ती सक्तीची आहे, पण रस्त्याकडेला अजून काहीही विकलं जातं.

माझा भरवसा मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. सगळं अंधारं करण्यापेक्षा फक्त सूर्य झाकायचा. वायरमन वापरतात ती काळी टेप घ्यायची आणि काचेच्या वरच्या कडेला, बाहेरून, आडवी पट्टी लावायची. साधारण दोन बोटं रुंद. गाडी स्टँडला लावून, हेल्मेट घालून, रोज बसतेस तशी बस. नजर सरळ रस्त्यावर ठेवली की पट्टी अगदी वर, जेमतेम जाणवेल इतकीच दिसली पाहिजे. मग हनुवटी थोडी खाली घेतली की पट्टी सूर्यावर येते आणि तिच्याखालून रस्ता मोकळा दिसतो. फरक इतका असतो की पहिल्यांदा करणारा माणूस हसतो. सुरकुती राहू देऊ नकोस, कारण सुरकुतीच्या फटीतून नेमकी तिरीप येते. सिग्नलला अगदी पुढे उभी राहिलीस तर दिवा पट्टीमागे जाईल, तेव्हा मान वर करायची. काही हेल्मेटना टोपीसारखी पुढे आलेली झाप असते, तीही हेच काम करते, पण वेगात वारा ती वर उचलतो आणि हालोलपर्यंत मान दुखते. मला पट्टीच पसंत.

सूर्य अगदी रस्त्याला टेकला की पट्टीही हरते. सूर्य झाकायचा तर रस्ताही झाकला जातो. ती दहा-पंधरा मिनिटं जरोदला चहा प्यायची. किंवा कंपनीतूनच वीस मिनिटं उशिरा निघायचं. यात कमीपणा काही नाही. डावा हात कपाळावर धरून चालवणारेही बघशील. क्लच कुठे आणि हात कुठे, त्यांचं ते जाणोत.

पण या सगळ्याच्या आधी काच स्वच्छ हवी, कारण निम्मा त्रास सूर्याचा नसून ओरखड्यांचा असतो. रात्री घरातले सगळे दिवे घालव, एकच उघडा बल्ब ठेव आणि हेल्मेटची काच त्याच्यासमोर धर. काच नवी असेल तर बल्ब बल्बसारखा दिसेल. वापरलेली असेल तर बल्बभोवती बारीक गोल रेषांचं कोळ्याचं जाळं दिसेल. प्रत्येक रेघ म्हणजे कुणीतरी कोरड्या फडक्याने पुसलेली धूळ. सूर्य समोर आला की यातली प्रत्येक रेघ पेटते आणि सगळी काच दुधाळ होते. तेव्हा कोरडं फडकं कधीही लावायचं नाही, पदर-ओढणी तर नाहीच. ओला कपडा काचेवर पाच मिनिटं अंथरून ठेवायचा, वाळलेली चिलटं सुटतात. मग साबणाच्या पाण्याने बोटांनी हळूच धुवायचं आणि मऊ कपड्याने टिपायचं. पेट्रोल, थिनर, खिडक्या पुसायचा निळा फवारा यांतलं काहीही नको. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक; पेट्रोलने त्यात बारीक तडे जातात. आतली बाजूही पूस, श्वासाचा थर तिथेच बसतो. जाळं दिसायला लागलं की काच बदलायची, पॉलिश करत बसायचं नाही. नवी घेताना हाताच्या अंतरावर धरून तिच्यातून दाराची चौकट बघ आणि काच हळूहळू सरकव. चौकट वाकडी व्हायला लागली तर ती काच दुकानदारालाच ठेवू दे.

आता चष्मा, कारण तुला नंबर आहे. ऊन लागल्यावर आपोआप काळ्या होणाऱ्या काचा करू नकोस. त्या अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि हेल्मेटची काच तेच किरण बहुतेक अडवते, त्यामुळे आत त्या फिकटच राहतात. पैसे वाया. चष्म्याच्या दुकानात अँटीग्लेअर म्हणून जो थर विकतात तो जरूर घे, पण तो उन्हासाठी नाही. ऊन पाठीमागून आलं की चष्म्याच्या आतल्या बाजूला आपलंच डोळ्यांचं प्रतिबिंब दिसतं, ते त्याने जातं. गॉगल घेतलास तर पोलराइज्ड घ्यायचा की साधा, यावर तुझा मामा तासभर बोलेल. ओल्या रस्त्यावरून आणि पुढच्या मोटारीच्या बॉनेटवरून जी चकाकी येते ती पोलराइज्ड काच छान कापते. थेट सूर्यापुढे मात्र ती साध्या गॉगलइतकीच. शिवाय तुझ्या गाडीचं मीटर डिजिटल आहे, ते तिच्यातून काळं दिसू शकतं, आणि हेल्मेटच्या काचेवर इंद्रधनुषी डाग दिसतात. म्हणून गॉगल घालून, हेल्मेट चढवून, गाडीवर बसून बघ आणि मगच पैसे दे. काड्या बारीक, सरळ. गॉगलवर ४ आकडा लिहिलेला असेल तर तो गाडी चालवायचा नाही, तो बर्फाच्या डोंगरांवरचा. आणि अंधार पडायच्या आधी गॉगल काढायचाच.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ऊन तुझ्या पाठीशी असतं तेव्हा तुला सगळं झकास दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत सूर्य असतो. रात्रपाळी लागली आणि उन्हाळ्यात सकाळी सातला तू हालोलहून निघालीस, की तुझी लांब सावली तुझ्यापुढे पळताना दिसेल. ती दिसली की समजायचं, समोरून येणाऱ्याला, कटमधून वळणाऱ्याला तू दिसत नाहीस. २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू असतो. त्याने फरक पडतो, पण पाठीमागे सूर्य असला की तो दिवा त्यात विरून जातो. अशा वेळी प्रत्येक कटपाशी वेग कमी आणि दोन बोटं ब्रेकवर. आणि ऊन समोर असताना मागून येणाऱ्याचेही डोळे दिपलेले असतात, तुझा ब्रेकचा लाल दिवा त्याला कळत नाही. एकदम ब्रेक न मारता आधी दोनदा हलका दाबायचा, म्हणजे दिवा लुकलुकतो.

समोर बघवेनासं झालं की नजर डावीकडच्या पांढऱ्या रेषेवर ठेव, सूर्याकडे चुकूनही नको. आणि वेग इतका की जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.

उत्तरायणाचं, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीचं, वेगळं सांगतो, कारण ते नेमकं याच दिवसांत येतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून हवेत मांजा असतो, संक्रांतीनंतरही तारांना लोंबत राहतो. काच लावलेला दोरा एरवीही नीट दिसत नाही. मावळतीच्या उन्हात तो अजिबात दिसत नाही. नायलॉनच्या दोऱ्याला बंदी आहे, पण गळ्याला बंदी कळत नाही. हँडलला लावायची कमानीसारखी सळी मी आणून ठेवणार आहे. दिसायला विचित्र आहे, तरी महिनाभर ती गाडीवर राहील. गळ्याला जाड मफलर, हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, आणि त्या आठवड्यात शक्यतो बस. हे एवढं आईचं मी कबूल केलं आहे.

गाडीवर चमकणारं काय काय आहे तेही बघून घेऊ. हँडलच्या क्रोमवरून डोळ्यांत कवडसा येत असेल तर तिथेही काळी टेप.

टेप माझ्या अवजारांच्या पेटीत आहे. तू हेल्मेट उलटं करून आतल्या पट्टीवरचं कंपनीचं नाव, मॉडेल आणि साइज यांचा फोटो आजच पाठव. इथे त्या काचा मागवाव्या लागतात आणि दिवाळीत दुकानं चार-पाच दिवस बंद असतात. फराळ बांधायला घेतला आहे, चकल्या जरा जास्त तांबूस झाल्यात, आईला म्हणू नकोस.

तुझे
बाबा