सत्ताविसावा आउट

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, मॅच हातातून गेली की मी बंद करून झोपतो. स्कोअर काय, सकाळी कळतोच." तेव्हा तुला क्लासला जायची घाई होती, म्हणून विषय तिथेच राहिला. पण टेनिस आणि बेसबॉल मी इतकी वर्षं जीव लावून पाहते ते नेमकं याचसाठी, की या दोन खेळांत मॅच हातातून गेली असं शेवटपर्यंत म्हणताच येत नाही.

क्रिकेट तर आपल्या घरचाच खेळ. पण शेवटच्या षटकात पन्नास धावा हव्या असल्या, की उरलेले चेंडू फक्त टाकून संपवायचे असतात. फुटबॉलमध्ये एका गोलने पुढे असलेला संघ चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढत बसतो. टेनिस-बेसबॉलमध्ये वेळ काढून जिंकायची सोयच नाही. दोन सेट आणि पाच गेमने पुढे असलास तरी शेवटचा पॉइंट तुलाच जिंकावा लागतो. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन आउट; दहा धावांची आघाडी असली तरी समोरच्या संघाचा सत्ताविसावा आउट घ्यावाच लागतो. हरणाऱ्याच्या वाट्याची संधी त्याला पुरती मिळाल्याशिवाय खेळ संपत नाही. मला यात मोठा न्याय वाटतो.

2023 पासून बेसबॉलमध्ये पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, घड्याळ आलं, टेनिसमध्येही सर्व्हिससाठी पंचवीस सेकंद असतात. पण ती घड्याळं खेळाडूला घाई करतात, मॅच संपवत नाहीत. इस्नर आणि माहूचा पाचवा सेट 2010 मध्ये विम्बल्डनला 70-68 पर्यंत गेला, ती मॅच तीन दिवस चालली. आता पाचव्या सेटमध्ये 6-6 झालं की दहा पॉइंटांचा टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम, असतो. खेळाडूंच्या शरीराचा विचार केला तर ते बरंच झालं. तिथेही दोन पॉइंटांची आघाडी लागतेच.

2025 चंच बघ. फ्रेंच ओपनची फायनल, सिनर दोन सेट विरुद्ध एक असा पुढे, चौथ्या सेटमध्ये 5-3, आणि सर्व्हिस अल्काराझची असूनही 0-40. म्हणजे सिनरला लागोपाठ तीन चॅम्पियनशिप पॉइंट, त्यातला एक जरी जिंकला तरी विजेतेपद. अल्काराझने तिन्ही वाचवले, तो सेट टायब्रेकमध्ये घेतला आणि पाचवाही टायब्रेकमध्येच जिंकला. पाच तास एकोणतीस मिनिटं! मला आनंद अल्काराझचा झाला, पण रात्री झोप लागली नाही ती सिनरच्या विचाराने. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या फायनलमध्ये त्याच अल्काराझला त्याने चार सेटमध्ये हरवलं. पॅरिसची मॅच शेवटपर्यंत पाहिलेल्यालाच कळेल की तो माणूस कुठून उठून आला होता.

त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना. टोरांटोला 1993 नंतर विजेतेपद नव्हतं. नवव्या इनिंगमध्ये ते 4-3 असे पुढे, फक्त दोन आउट बाकी. समोर लॉस एंजेलिस डॉजर्सच्या बॅटिंग क्रमातला अगदी शेवटचा, मिगेल रोहास. होमरनसाठी, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्यासाठी, कोणी त्याचं नाव घेत नाही. त्यानेच होमरन मारून बरोबरी केली. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथच्या होमरनने डॉजर्स पुढे गेले, आणि शेवटचे आउट घेतले यामामोतोने, ज्याने आदल्याच रात्री सहावा सामना सुरू केला होता. तू नवव्या इनिंगला झोपला असतास, तर सकाळी तुला 5-4 एवढंच दिसलं असतं.

स्कोअरवर माझा तसाही फारसा विश्वास नाही. 2019 च्या विम्बल्डन फायनलमध्ये फेडररने जोकोविचपेक्षा जास्त पॉइंट जिंकले, 218 विरुद्ध 204, त्यात स्वतःच्या सर्व्हिसवर दोन चॅम्पियनशिप पॉइंटही होते, आणि तरी तो हरला. त्यानेच नंतर डार्टमथ कॉलेजच्या भाषणात सांगितलं, की कारकिर्दीतल्या 1526 सिंगल्स मॅचपैकी जवळजवळ ऐंशी टक्के त्याने जिंकल्या, पण पॉइंट मात्र फक्त चौपन्न टक्के. एवढ्या मोठ्या खेळाडूची आघाडीसुद्धा इतकी पातळ असते. मग दुसरा सेट गेला म्हणून टीव्ही बंद कशाला करायचा?

आणि आपलं बॉस्टन! 2004 मध्ये तू अजून रांगतही नव्हतास. न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत आपण, म्हणजे आपले रेड सॉक्स, तीन सामने हरलेलो, चौथ्यातही नवव्या इनिंगला 4-3 ने मागे, आणि पिचिंगला त्यांचा भरवशाचा मारियानो रिवेरा. आपल्या मिलारला वॉक मिळाला, म्हणजे वाइडसारखे चार चेंडू पडल्याने पहिला बेस फुकट, त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स धावायला आला आणि त्याने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटका बसायची वाट न बघता पळून गाठला. अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं की तो पळणार आहे, तरी पळाला. म्यूलरच्या फटक्यावर बरोबरी झाली, बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझचा होमरन. पुढचे तिन्ही सामने आपले, आणि मग 1918 नंतरची पहिली वर्ल्ड सीरिज. सुरुवातीचे तिन्ही सामने हरून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये त्याआधी कुणीच सात सामन्यांची मालिका जिंकली नव्हती. तुझ्या बाबांना त्या रात्री बेसबॉलचे नियमही नीट येत नव्हते, पण ते जागे होते.

एप्रिलमध्ये घरी येशील तेव्हा फेनवेला, रेड सॉक्सच्या मैदानावर, जाऊ. रात्रीचा सामना काढते, त्या दिवसांत तिथे फार गारठा असतो, जाड जॅकेट घेऊन ये. आठव्या इनिंगला बाबा गर्दीच्या आधी निघू या म्हणतील, तेव्हा तू माझ्या बाजूने बोल. आणि जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई